जडावाचा सांधा

पावसाळ्यात कपाटाचे दार चौकटीत अडकते आणि मार्चमध्ये तेच दार सैल होऊन करकरू लागते. झाड तोडून शंभर वर्षे उलटली तरी लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळपास बदलत नाही. आडव्या अंगाने मात्र फुगते आणि आकसते. फूटभर रुंदीची सागवानी फळी मुंबईच्या हवेत वर्षभरात दोन-तीन मिलिमीटर सहज हलते, आणि सागवान हे या बाबतीत चांगल्यातले चांगले लाकूड. हस्तिदंत, हाड, शिंपला, पितळ हे पदार्थ अशा रीतीने हलत नाहीत. म्हणून लाकडाच्या अंगात दुसरा पदार्थ बसवायला निघालेल्या कारागिराला नक्षीच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: वेगवेगळ्या चालीने हलणाऱ्या दोन गोष्टी एका पातळीत, एकमेकींना घट्ट धरून, पिढ्यान्‌पिढ्या कशा राहतील?

लाकडी फर्निचरवरच्या जडावकामाकडे मी याच प्रश्नातून पाहतो. आज बाजारात ‘इनले’ या एका शब्दाखाली कितीतरी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. उदयपूरचे हाडाच्या फुलांनी भरलेले ड्रॉवर, म्हैसूरचे शिसवी फळीवरचे दसऱ्याचे हत्ती, होशियारपूरची पांढऱ्या वेलबुट्टीची टेबले, लेझरने कापलेल्या व्हिनिअरचे शोभेचे फलक, सगळेच इनले. त्यांच्याबद्दलची हळहळही सगळीकडे एकच ऐकू येते: हस्तिदंत गेले आणि कला गेली. मला हे पटत नाही. या कलेचा इतिहास पाहिला तर तिने आपले साहित्य दर दोन-तीन पिढ्यांनी बदललेले दिसते. तिचा कस लागतो तो सांध्यात. तुकडा आणि त्याची खाच यांच्यामध्ये काय आहे, किती आहे आणि ते का आहे, हे पाहिले की कामाची प्रत कळते, मग तुकडा हस्तिदंताचा असो की अॅक्रिलिकचा.

ही कला फार जुनी. इराकमधील ऊर येथे सापडलेली सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची लाकडी पेटी शिंपला, लाजवर्द आणि लाल दगड यांच्या चित्रांनी मढवलेली होती. चिकटवायला डांबर वापरले होते. लाकूड कुजून गेले, चित्र मातीत जागच्या जागी राहिले. तूतनखामेनच्या थडग्यातून १९२२नंतर बाहेर आलेल्या पेट्यांवर आबनूस आणि हस्तिदंत यांचे हजारो बारीक तुकडे आहेत. हडप्पा आणि मोहेंजोदडो इथेही शंखाचे कापलेले जडावाचे तुकडे मिळाले आहेत. ते ज्या लाकडात बसले होते ते लाकूड आता नाही. हे तुकडे हातात घेऊन पाहणाऱ्याला कापणाऱ्याची शिस्त कळते, पण खरी गोष्ट, म्हणजे बसवण्याची, लाकडाबरोबर गेली.

आपल्या जवळची आणि अजून पाहता येणारी मोठी परंपरा गोव्याची. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज अधिकारी, व्यापारी आणि चर्च यांच्यासाठी गोव्यात अनेक कप्प्यांची कपाटे बनू लागली. कोंतादोर हा त्यांतला सर्वांत देखणा प्रकार. वर खणांनी भरलेली पेटी, खाली तिला उचलून धरणारे बैठे अंग, आणि पायांच्या जागी कोरलेल्या नागिणी किंवा पंख मिटलेले पक्षी. आकार युरोपचा, मागणी युरोपची. पाय मात्र देवळाच्या खांबांवरून उतरल्यासारखे. हे फर्निचर करणारे हात इथल्या सुतारांचे होते. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती पूजेच्या वस्तू करू नयेत असे हुकूम निघत राहिले, आणि ते पुन्हा पुन्हा काढावे लागले यावरूनच काम कोणाकडे जात होते ते कळते.

कोंतादोरची नक्षी दुरून पाहिली तर एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची जाळी दिसते. सागवानाच्या पिवळसर तपकिरी पार्श्वभूमीवर आबनूस किंवा शिसव यांची काळी वर्तुळे आणि त्यांच्या गाठींवर हस्तिदंताचे पांढरे ठिपके. ही जाळी केवळ शोभेची नाही. काळ्या लाकडाचा तुकडा लहान ठेवला की त्याची हालचालही लहान राहते. मोठे अखंड पान बसवले असते तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच त्याने कड सोडली असती. वर्तुळाच्या छोट्या पाकळ्यांमध्ये काम वाटून टाकल्यामुळे ताण असंख्य ठिकाणी विभागला जातो. काही नमुन्यांत तुकड्यांना बारीक खिळ्यांचाही आधार दिलेला आहे आणि खिळ्यांची डोकी नक्षीत ठिपके म्हणून सामावून घेतली आहेत. कोकणपट्टीच्या दमट हवेत काम करणाऱ्या सुताराने भूमितीचा असा उपयोग करून घेतला याचे मला फार कौतुक वाटते. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात आणि चर्चमध्ये पाद्रींची वस्त्रे ठेवण्याच्या लांबलचक खणपेट्यांवर हे काम पाहायला मिळते. लंडन आणि लिस्बनच्या संग्रहालयांत तर त्याचे मोठे साठे आहेत.

गुजरातची वाट निराळी. तिथे शिंपल्याच्या चकचकीत पातळ तुकड्यांसाठी लाकडात प्रत्येकी वेगळी खाच करत नसत. लाकडावर काळ्या लाखेचा थर देऊन त्यात तुकडे बसवत, आणि तुकड्यांमधली काळी जागा हीच चित्राची रेघ होई. सोळाव्या शतकापासून अशा पेट्या आणि लहान कपाटे अरबस्तान, तुर्कस्तान आणि युरोपकडे जात होती. फत्तेपूर सिक्रीला शेख सलीम चिश्तींच्या कबरीवरची लाकडी छत्री याच जातीच्या शिंपल्याच्या कामाने मढवलेली आहे. लाख हा इथे हुशारीचा भाग आहे. ती थोडी लवचीक असते, लाकूड आणि शिंपला यांच्या मध्ये गादीसारखी पडून राहते. उदयपूरच्या आजच्या कामाकडे येताना या पद्धतीची आठवण ठेवावी लागेल, कारण ‘भरणा वापरला म्हणजे काम खोटे’ असा सरळ नियम ती लावू देत नाही.

पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमला अठराव्या शतकात इंग्रज ग्राहकांसाठी तिसरीच रीत बहरली. शिसवासारख्या गडद लाकडाच्या खुर्च्या, लिहिण्याची टेबले, आरसे यांच्या कडांवरून हस्तिदंताच्या फुलांचे पट्टे फिरतात. फुले कोरोमंडल किनाऱ्याच्या छापील आणि रंगवलेल्या कापडांवरच्या फुलांची भावंडे आहेत. त्याच किनाऱ्यावरून तेच व्यापारी दोन्ही माल नेत होते. पण या कामाचा खास गुण वेगळा आहे. पाकळीचा तुकडा साधा, सपाट कापायचा, बसवायचा, आणि मग त्यावर सुईसारख्या हत्याराने शिरा, छाया, पिसे ओढून त्या रेषांत काळी लाख भरायची. म्हणजे अर्धे काम सुताराचे आणि अर्धे चितारी-कोरकाऱ्याचे. पुढे त्याच शहरात चंदनी पेट्यांवर हस्तिदंताचे पूर्ण पातळ पत्रे चढवू लागले. खाच गेली, सांधा गेला, कोरीव रेघ तेवढी राहिली. त्या पेट्या सुंदर असतात, पण लाकडाशी त्यांचे नाते कपडा आणि अंग यांच्याइतकेच उरते. मला आधीचे, शिसवात फूल रुतलेले काम जास्त मोलाचे वाटते.

मुंबईचा या गोष्टीत स्वतःचा वाटा आहे आणि तो बहुतेक मराठी वाचकांना अपरिचित राहिला आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने ज्या पेट्या ओळखल्या जात, त्यांच्यावरचे काम सादेली. ही पद्धत इराणमधल्या शिराझकडून सिंधमार्गे मुंबई-सुरतेला आली असे जॉर्ज बर्डवुड यांनी १८८०च्या आपल्या भारतीय औद्योगिक कलांवरील ग्रंथात नोंदवले आहे. हे बर्डवुड मुंबईतले डॉक्टर; भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभारण्यात त्यांचा डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबरीने हात होता. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात सादेली पेट्यांनी लोकांचे लक्ष वेधले आणि मागणी वाढली. सुरतेत हे काम विशेषतः पारशी घराण्यांनी जपले. आता ते अगदी मोजक्या घरांत उरले आहे.

सादेलीची युक्ती पाहिली की मन थक्क होते. हस्तिदंत, हिरवा रंगवलेला हस्तिदंत, आबनूस, लालसर पतंगाचे लाकूड आणि कथील यांच्या बारीक कांड्या करायच्या. कुणाचा छेद त्रिकोणी, कुणाचा चौकटीसारखा तिरपा, कुणाचा गोल. ठरलेल्या क्रमाने त्यांची जुडी बांधून सरसाने एकजीव करायची. अशा जुडीचा आडवा छेद घेतला की आत चांदणी किंवा षट्‌कोनी फूल उमटलेले असते. मग करवतीने जुडीच्या पातळ चकत्या पाडायच्या; प्रत्येक चकतीवर तेच फूल. त्या चकत्या ओळीने पेटीवर बसवल्या की हजारो कणांची जाळी तयार. इथे खाच नाही. मेहनत सगळी आधी, जुडी रचताना, झालेली असते. एका कांडीची धार थोडी चुकली तर ती चूक प्रत्येक चकतीत, शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून सांध्याची कसोटी सादेलीलाही लागते, फक्त तो सांधा लाकडाच्या पृष्ठभागावर नसून जुडीच्या पोटात असतो. चांगल्या सादेलीत भिंग लावले तरी दोन कांड्यांमध्ये फट सापडत नाही. कमी प्रतीच्या पेटीत कांड्यांच्या भोवती सरसाची पिवळी रेघ दिसते.

युरोपाबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण तिथल्या कामाने आपल्याकडच्या आजच्या पद्धतींवर परिणाम केला आहे. इटलीत पंधराव्या शतकात उर्बिनोच्या ड्यूकच्या छोट्या अभ्यासिकेच्या भिंती निव्वळ लाकडाच्या तुकड्यांनी अशा भरल्या की अर्धवट उघडी कपाटे, वाद्ये, पुस्तके खरीच तिथे ठेवली आहेत असे वाटावे. रंग नाही, फक्त वेगवेगळ्या झाडांचे लाकूड आणि त्याच्या रेषांची दिशा. दुसरी गोष्ट चौदाव्या लुईच्या काळातल्या आंद्रे शार्ल बूल या कारागिराची. कासवाचे कवच आणि पितळ यांचे पत्रे एकावर एक ठेवून एकाच बारीक करवतीने नक्षी कापायची. एका कापणीत दोन जोड्या मिळतात: कवचात पितळी नक्षी आणि पितळात कवचाची नक्षी. दोन्ही आकार एकाच वेळी, एकाच पात्याने कापल्यामुळे ते एकमेकांत आपोआप बसतात; मधली फट पात्याच्या जाडीइतकी. पुढे यंत्रकरवती आल्या आणि आता लेझर आला, तरी तत्त्व हेच आहे.

धातू थेट लाकडात ठोकण्याची आपली स्वतःची पद्धत मैनपुरीची. शिसमच्या फळीवर पटाशीने अरुंद, खोल रेघ पाडायची आणि चपटी केलेली पितळी तार तिच्या धारेवर उभी करून हलकेच ठोकून बसवायची. बारीक ठिपक्यांसाठी तारेची सूक्ष्म वळी करून ती छिद्रात दाबायची. डिंक नाही, भरणा नाही. दाबलेले लाकूड पुन्हा सुटायला पाहते आणि तेच तारेला धरून ठेवते. एफ. एस. ग्राउस या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८मध्ये या तारकशीवर लिहिले, त्यात हे काम खडावांवर होत असल्याचे येते. चामडे निषिद्ध असलेल्यांच्या पायात लाकूड असे आणि त्याच लाकडाला पितळेची शोभा. आपल्याकडच्या पाटांवर आणि चौरंगांवर चांदीच्या किंवा पितळेच्या फुल्या ठोकलेल्या असतात, त्यांचे तत्त्व याच कुळातले. मुंजीचा किंवा लग्नाचा पाट हा बहुतेक मराठी घरांतला जडावाचा एकमेव नमुना असेल. या फुल्या पन्नास-पन्नास वर्षे निखळत नाहीत, कारण त्या लहान आहेत आणि लाकडाच्या दाबावर उभ्या आहेत. कुठे एखादी फुली सुटलेली दिसलीच तर ती बहुधा पाट धुऊन उन्हात वाळवल्यामुळे सुटलेली असते.

आता हस्तिदंताकडे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंधने घट्ट होत गेली. १९८६च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर आफ्रिकी हत्तीला १९८९मध्ये संपूर्ण संरक्षण मिळाले. ही बंदी योग्य होती, हे पहिल्यांदा स्पष्ट म्हटले पाहिजे. पेटीवरच्या फुलासाठी हत्ती मारणे कोणत्याही कलेच्या नावाने समर्थनीय नाही. पण कारागिरांच्या बाजूने हेही नोंदवले पाहिजे की बंदी आली तेव्हा त्यांना पर्याय शोधायला कोणी फारसे मदतीला आले नाही. त्यांनी तो स्वतःच शोधला.

तसा पर्याय बंदीच्या खूप आधीपासून वापरात होताच. १८७०च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइड बाजारात आणले, त्यामागची एक प्रेरणा बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधणे ही होती. हे सेल्युलॉइड आपल्याकडे फर्निचरपेक्षा वाद्यांवर जास्त रुळले. मिरजेच्या तंतुवाद्यांचे उदाहरण घ्या. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वाद्यांकडे वळले आणि मिरज सतार-तंबोऱ्यांचे गाव झाले. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूरच्या भागातले भोपळे, तुणीचे लाकूड, आणि दांडीच्या कडेने, भोपळ्याच्या गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या आणि पाने. पूर्वी ही शोभा हस्तिदंताची असे, मग सेल्युलॉइडची झाली, आता इतर प्लॅस्टिकचीही असते. पट्टीवर वेलबुट्टी कोरून रेषांत रंग भरतात. विशाखापट्टणमच्या कोरकाऱ्याची रीत इथे वेगळ्या पदार्थावर, वेगळ्या वस्तूवर, पण अगदी त्याच क्रमाने पाहायला मिळते. तंबोऱ्यावर ही पट्टी शोभेपुरतीच नसते. दांडी आणि तबली यांच्या सांध्याची उघडी कड ती झाकते आणि तिला मार लागू देत नाही. प्लॅस्टिक म्हणून या कामाकडे नाक मुरडणाऱ्याने एकदा चांगल्या तंबोऱ्याच्या कडेवरून नख फिरवून पाहावे. ते कुठेच अडत नाही.

होशियारपूरचे संक्रमण याहून कठीण गेले. तिथे शिसमच्या फर्निचरवर हस्तिदंताचे काम होई. मग हाड आले, मग प्लॅस्टिक आणि अॅक्रिलिक. गावातल्या डब्बी बाजाराचे नाव अशा जडावाच्या पेट्यांवरून पडले. अॅक्रिलिक कापायला सोपे, एकसारखे, पांढरे शुभ्र. त्याचा दोष रंगात आहे. हस्तिदंत आणि हाड वयाबरोबर मंद पिवळे होतात आणि शिसमच्या रंगाशी जुळवून घेतात. अॅक्रिलिक पन्नास वर्षांनीही तसेच पांढरे राहील आणि लाकूड गडद होत जाईल, त्यामुळे नक्षी दरवर्षी अधिक ओरडू लागेल. यावर उपाय सोपा आहे आणि काही कारागीर तो करतातही: शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित मलईच्या रंगाचा पत्रा घ्यायचा आणि नक्षी विरळ ठेवायची.

म्हैसूरने मात्र पर्यायाचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला, आणि या सगळ्या आढाव्यात मला तेच उत्तर सर्वांत समृद्ध वाटते. १८९७च्या आगीनंतर १९१२पर्यंत बांधून झालेल्या राजवाड्यात हस्तिदंत जडवलेले शिसवी दरवाजे आहेत. ती हस्तिदंताची परंपरा हळूहळू लाकडात लाकूड जडवण्याकडे वळली. पार्श्वभूमी शिसवाची आणि चित्र चाफा, फणस, आंबा, आबनूस अशा लाकडांचे, शक्यतो रंग न देता. फणस पिवळा, आबनूस काळे, आणखी कुठले फिके, कुठले गुलाबी. आधी कागदावर चित्र, मग पातळ तुकडे बारीक करवतीने कापायचे, फळीवर त्यांची रूपरेषा आखून तेवढीच खाच पटाशीने खोदायची, चिकटवायचे, घासून एका पातळीत आणायचे. डोळे, दागिने, वस्त्राच्या चुण्या शेवटी कोरून किंवा रंगवून येतात. चांगल्या कारागिराची ओळख लाकडाच्या रेषांवरून पटते. हत्तीच्या पाठीवर त्या वळणाने जातात, पाण्यावर आडव्या, झाडाच्या खोडावर उभ्या. रेषा पाहून न निवडलेला तुकडा रंगाने बरोबर असला तरी निर्जीव दिसतो. आणि लाकडात लाकूड बसवल्यामुळे हालचालीचा जुना तंटाही बराच मिटतो. दोघेही ओलावा घेतात, दोघेही सोडतात.

पण इथे पुन्हा कायदा आडवा आला, या वेळी झाडासाठी. शिसव आणि शिसम ज्या कुळातले, त्या डालबर्जिया वंशातल्या सर्वच जाती २ जानेवारी २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आल्या. कारण मुख्यतः चीनमधील फर्निचरसाठी आग्नेय आशिया आणि आफ्रिकेतील त्यांच्या जंगलांची झालेली लूट हे होते. भारतातली शिसम शेताच्या बांधावर वाढते, तिच्यावर ते संकट नव्हते. तरी कागदपत्रांचे ओझे सगळ्यांवर सारखेच पडले. शिसमच्या वस्तूंची निर्यात वर्षाला अंदाजे १,००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटींवर आल्याचे सरकारने सांगितले. २०२२च्या पनामातील परिषदेत भारताने मुद्दा मांडला आणि प्रत्येक वस्तूचे वजन दहा किलोपेक्षा कमी असेल तर शिसमच्या कितीही वस्तू एका खेपेत परवान्याविना पाठवता येतील असे ठरले. पेट्या, तबके, छोटे फलक यांना त्याचा फायदा झाला. मोठ्या कपाटांना नाही. कायद्याचा आकारावर असा परिणाम होतो: उद्याचे जडावकाम लहान वस्तूंवर जास्त दिसले तर त्यामागे ही दहा किलोंची रेघ आहे हे लक्षात ठेवावे.

उदयपूर आणि आसपासच्या भागात बनणारे हाडाचे फर्निचर आज जगभर सर्वांत जास्त दिसते. उंट किंवा म्हशीची हाडे उकळून, ब्लीच करून पांढरी करतात, पट्ट्या कापतात, पानाफुलांचे आकार देतात आणि आंब्याच्या लाकडाच्या किंवा एमडीएफच्या सांगाड्यावर एकेक तुकडा चिकटवतात. मग सगळ्या मोकळ्या जागेत रंगीत रेझिन ओततात आणि सुकल्यावर घासून गुळगुळीत करतात. निळे, काळे, राखाडी, गुलाबी. यात खाच नाही. गुजरातच्या लाखेच्या पद्धतीशी याचे नाते आहे, आणि ते नाते मान्य करूनही मला फरक दिसतो. लाखेच्या कामात मोकळी जागा आखलेली असते. फुलाची देठाशी असलेली जागा अरुंद, पाकळीच्या टोकाशी रुंद. रेझिनच्या बहुतेक कामात सगळीकडे सारखीच फट राहते, कारण तुकडे साच्याने कापलेले असतात आणि भरण्याला सगळे झाकायचे असते. असे असूनही याच शहरांत काही कार्यशाळा अशी कामे करतात की रेझिनची रेघ केसासारखी बारीक राहते. त्यांच्या आणि स्वस्त मालाच्या किमतीत मोठे अंतर असते आणि ते रास्त असते. एमडीएफच्या सांगाड्याबद्दल एक व्यावहारिक गोष्ट: ते लाकडासारखे आडवे हलत नाही, त्यामुळे तुकडे निसटण्याचा धोका कमी होतो. पण पाणी लागले की फुगते आणि पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. कोकणात किंवा मुंबईत असे कपाट भिंतीला टेकवून ठेवू नये.

यंत्रांविषयी कडवटपणा बाळगण्यात अर्थ नाही. संगणकाने चालणारे राउटर खाच आणि तुकडा दोन्ही एकाच आकड्यांवरून कापते आणि सांधा अतिशय घट्ट येतो. फक्त त्याचे पाते गोल फिरते, म्हणून आतला कोपरा नेहमी थोडा गोलसर राहतो. काही लोक नक्षीच गोलसर करतात. काही जण पटाशीने प्रत्येक कोपरा हाताने टोकदार करतात, आणि ते कोपरे पाहून काम कोणी कसे केले ते लगेच कळते. लेझरने फिक्या लाकडाच्या कडा काळ्या पडतात. ही काळी रेघ नक्षीत सोसली तर ठीक, नाहीतर ती चित्राभोवती सुतकासारखी दिसते. यंत्राने खोदाईचे दिवस वाचतात हे खरे. ते वाचलेले दिवस लाकूड निवडण्यात आणि रेषा जुळवण्यात गेले तर काम आणखी चांगले होऊ शकते. ते दिवस फक्त जास्त फलक काढण्यात जातात तिथे वाईट वाटते.

घरातल्या जुन्या जडावकामाच्या बाबतीत मात्र वाचकाला काही गोष्टी ठाऊक असायला हव्यात. आजोळाहून आलेल्या पेटीत हस्तिदंत असेल तर ती विकता येत नाही. मालकी नोंदवलेली नसेल तर वनविभागाकडे विचारणा करावी. वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती पुरावस्तू ठरते आणि पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे परदेशी पाठवता येत नाही. साधे फर्निचर असेल तर सर्वांत मोठा शत्रू एअर कंडिशनर आहे. दिवसभर कोरडी थंड हवा आणि रात्री खिडकी उघडल्यावर समुद्राची दमट हवा, हा झोका जडावाला पावसाळ्यापेक्षा जास्त त्रास देतो. ओल्या फडक्याने पुसू नये. मऊ कोरडे फडके पुरते.

आणि एखादा तुकडा निसटलाच तर तो फेविकॉल किंवा इपॉक्सीने घाईने दाबून बसवू नये. जुने काम सरसाने चिकटवलेले असते. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून पुढच्या पिढीचा कारागीर तुकडा काढून, खाच साफ करून, पुन्हा बसवू शकतो. इपॉक्सीने चिकटवलेला तुकडा काढायचा म्हणजे बहुधा तो किंवा त्याची खाच मोडायचीच. निसटलेला तुकडा, मग तो तांदळाएवढा का असेना, एका पाकिटात घालून, कुठल्या बाजूचा आणि कुठल्या फुलातला हे त्यावर लिहून, पेटीतच ठेवावा. जाणकार मिळेपर्यंत खाच रिकामी राहिली तरी चालते. ती मेण किंवा पुट्टीने भरली, तर त्या तुकड्याला परत यायला जागाच उरत नाही.